वारीच्या वाटेवर माणसांचे फोटो काढताना

चालत्या दिंडीत चेहऱ्याचा चांगला फोटो क्वचितच मिळतो. टाळकरी ओळीनं चालतात, मागून लोंढा येत असतो. त्यांच्यासमोर उलटं चालत फोटो काढणारा ओळ मोडतो आणि दिवे घाटाच्या चढावर शिव्याही खातो. पुण्याहून सासवडपर्यंत दिंडीच्या कडेनं चालायचं आणि कॅमेरा विसाव्याला बाहेर काढायचा. तासभर शेजारून चाललेल्याला “माउली, एक फोटो काढू का?” असं विचारलं, की सहसा नकार येत नाही. आलाच तर “रामकृष्ण हरी” म्हणून पुढे. टँकरवरच्या आंघोळी, ओली लुगडी बदलणं, याकडे कॅमेरा वळवायचाच नाही.

सामान थोडंच: एक बॉडी, 35 किंवा 50 मिमीची लेन्स, जादा बॅटरी, दोन सुती रुमाल, प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर. मोबाइल असेल तर तोंडाजवळ नेऊ नका, नाक मोठं येतं. पाच-सहा फुटांवर थांबून 2x लावा.

खरी पंचाईत पांढऱ्या रंगाची. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि उन्हानं रापलेला चेहरा. फ्रेमभर पांढरं दिसलं की कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, +0.7 ते +1 वर न्या. टोपीची शिवण दिसेनाशी झाली तर एक पायरी खाली या. चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्याच जागेचा प्रकाश मोजणं) लावलं असेल तर मात्र हे वाढवू नका, दुप्पट उजळेल. बसलेल्या माणसाला 1/125 सेकंदाचा शटर पुरतो, चालणाऱ्याला 1/250, पावली खेळणाऱ्याला 1/500. ऑटो फोकस टाळावर नाहीतर गंधावर जाऊन बसतो. एकच बिंदू निवडून डोळ्यावर ठेवा.

दुपारी बारा ते तीन टोपीखाली डोळे दिसतच नाहीत. झाडाखाली किंवा ट्रकच्या सावलीत, तोंड उजेडाकडे करून बसवा आणि स्वतःही खाली बसा. पावसात डोक्यावर घेतलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या कागदाची झाक गालावर उतरते, नंतर ती निघता निघत नाही. कागद कपाळामागे सारायला सांगितलं की काम झालं. गोपीचंदन आणि बुक्का सकाळी ताजा असतो. घाट चढेपर्यंत घामानं ओघळतो. ओघळलेलाही वाईट दिसत नाही.

आता फोटो पाठवण्यासाठी पत्ता. नुसतं “दिंडी क्रमांक अमुक” लिहून उपयोग नाही, कारण रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक वेगळे चालतात. पालखी कोणती, रथापुढे की मागे, क्रमांक, मग माणसाचं नाव, मु. पो., तालुका, जिल्हा, पिनकोड हे वहीत त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि त्या पानाचाही फोटो काढा. पावसात शाई पसरते. व्हॉट्सअॅपला मुलाचा किंवा नातवाचा नंबर चालतो, तरी 4×6 ची प्रिंट पाठवाच. लॅबमधली घ्या, इंकजेटची ओल लागली की रंग सोडते. पाकिटात मागे जाड पुठ्ठा घाला आणि आषाढीनंतर आठवडाभरानं टपालात टाका. त्याआधी घरी घ्यायला कोणी नसतं.