जुना जॅझ ड्रमसेट घेताय? आवाज बिघडवणाऱ्या या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यात जुना ड्रमसेट येतो तो बहुतेक एखाद्या लग्नाच्या बँडकडून, बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून, नाहीतर नागपूर-मुंबईच्या जुन्या बाजारातून. घेणाऱ्याने फोनवर १९५०-६० च्या काळातलं जॅझ ऐकलेलं असतं आणि तो भरीव, लाकडी, बोलका आवाज त्याला हवा असतो. प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी मात्र तो पाहतो कंपनीचा बिल्ला, रंग आणि क्रोमची चमक. आवाज यातल्या कशातच नसतो. तो असतो शेलच्या (ड्रमच्या लाकडी नळकांड्याच्या) काठात, शेलच्या गोलाईत, हेडमध्ये (ज्यावर काठी पडते त्या पडद्यात) आणि ट्यूनिंगमध्ये. पैसे देण्याआधी तपासायचं ते एवढंच.

बिल्ला पाहून किंमत मोजणं

ग्रेच, लुडविग, स्लिंगरलँड, रॉजर्स ही अमेरिकन नावं मोठी आहेत आणि त्यांच्या आवाजात खरा फरक आहे. ग्रेचचे गोल बिल्ल्याचे ड्रम साधारण १९७० पर्यंतचे. मेपल आणि गम लाकडाचे थर, आतून चंदेरी रंग, हेड दाबून धरणारी जाड ओतीव रिम. त्यामुळे आवाज कोरडा आणि नेमका. लुडविगच्या साठच्या दशकातल्या शेलला तीन थर, आतल्या बाजूने काठाजवळ मजबुतीची कडी आणि गोलसर काठ. तो आवाज जास्त पसरट आणि भरलेला.

पण किंमत नुसत्या आवाजाची नसते. ९ फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकेच्या टीव्हीवर बीटल्स वाजवायला बसले, त्यांचा ड्रमर रिंगो स्टार याच्या बेस ड्रमवर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर) लुडविगचं नाव साऱ्या देशाने वाचलं आणि त्या ड्रमची मागणी धडाक्यात वाढली. त्या नावाचे पैसे आजही मोजावे लागतात. शिवाय बिल्ला हवेच्या भोकात बसवलेल्या एका बारीक कडीवर टिकलेला असतो. एका ड्रमचा काढून दुसऱ्याला लावणं अवघड नाही. म्हणून हेड काढायला सांगा आणि शेल आतून पाहा: थर किती, कडी आहे का, आतला रंग तीनही ड्रमना सारखा आहे का.

त्याच काळातले जपानी सेटही जुन्या बाजारात दिसतात. लाकूड लुआनचं, हलकं आणि मऊ. लोखंडी भाग कमजोर असतात, नट जपून फिरवावे लागतात. पण ताणून ट्यून केले तर हळू वाजवण्यात ते सुरेख बोलतात. कमी पैशात जॅझ शिकणाऱ्याने त्यांना नाक मुरडू नये.

गोष्टीलाही भुलू नका. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात जॅझ वाजत होतं. गोव्याचे वादक हॉटेलातही वाजवत आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातही. तो इतिहास खरा आणि मोठा आहे. म्हणूनच प्रत्येक विकणारा म्हणतो, "भाऊ, हा सेट तिथलाच हाय." ऐकून घ्या, पण त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

काठ न तपासणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हेड ज्या काठावर टेकतं तो काठ सपाट नसेल, तर कितीही चांगलं हेड लावा, कितीही वेळ ट्यून करा, एका नटापाशी आवाज चढलेला आणि शेजारी पडलेला राहतो.

तपासणी गावातही होते. दोन्ही हेड काढा. स्वयंपाकघराचा ग्रॅनाइटचा ओटा किंवा जाड काच घ्या, मात्र आधी ती स्वतः सपाट आहे याची खात्री करा. शेल त्यावर उभं ठेवा, खोली अंधारी करा, आत टॉर्च लावून ठेवा आणि बाहेरून काठाशी डोळा नेऊन गोल फिरा. जिथून उजेड फटीतून येतो तिथे काठ खोल गेलेला आहे. केसाएवढी फट चालते. पोस्टकार्ड सरकेल एवढी असेल तर भाव पाडा किंवा सोडून द्या. मग टेपने व्यास चार ठिकाणी मोजा. तीन-चार मिलिमीटरचा फरक निघाला तर शेल लंबगोल झालं आहे, आणि ते सरळ होत नाही.

स्नेअरच्या (खाली तारा लावलेल्या ड्रमच्या) खालच्या काठावर मात्र समोरासमोर दोन ठिकाणी उथळ उतार दिसतील. तो दोष नाही. खालच्या तारा हेडला नीट चिकटाव्यात म्हणून ते मुद्दाम केलेले असतात. कोणी पुट्टी भरून ते "दुरुस्त" केले असतील, तर त्या स्नेअरच्या तारा फरफरत राहतील.

आणि हे तर कळकळीने सांगतो: जुना काठ गावच्या सुताराच्या हाती देऊ नका. तो चांगल्या मनाने म्हणेल, "रंधा मारून देतो, एकदम प्लेन होऊन जाते." जुन्या जॅझ ड्रमचा गोलसर किंवा पसरट उताराचा काठ हेडला जास्त जागेवर टेकवतो. त्यामुळे गूंज लवकर आवरते आणि लाकूड बोलतं. तोच काठ धारदार केला की गूंज लांबते, आवाज टोकदार होतो आणि ज्यासाठी जुना सेट घेतला तेच निघून जातं. काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. काठ दुरुस्त करायचाच असेल तर ड्रमचंच काम करणारा माणूस शोधा आणि मूळ उतार तसाच ठेवायला सांगा.

शेलला जास्तीची भोकं पाडलेली असतील तर घाबरू नका. संग्राहकासाठी तो मोठा डाग, पण कानाला त्याचा फरक फार थोडा. काठ चांगला, गोलाई चांगली आणि रंग उडालेला, असा सेट वाजवणाऱ्यासाठी सगळ्यात फायद्याचा.

माप गृहीत धरणं

जुन्या ब्रिटिश प्रीमियर कंपनीच्या सेटचे टॉम (तारा नसलेले छोटे ड्रम), विशेषतः साठच्या दशकाच्या अखेरीआधीचे, आजच्या मापापेक्षा किंचित मोठे असतात. १२ इंची हेड त्यावर बसतच नाही. नटांचे आटेही वेगळे. सेट स्वस्तात मिळतो आणि मग हेडसाठी वणवण होते. देशी सेटचंही माप घेतल्याशिवाय काही खरं मानू नका.

बेस ड्रमचं १८ इंचांचं वेड बरंच आहे. ड्रमर टोनी विल्यम्स १९६३ मध्ये सतराव्या वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचात आला तो याच मापावर, आणि पुढे हे माप जॅझची ओळख झालं. पण ते छोट्या क्लबात शोभतं. आपल्याकडे वाजवायचं अंगणात, मंडपात, समाजमंदिराच्या ओसरीवर. उघड्यावर खालचा सूर विरून जातो. माझं मत विचाराल तर २० इंची घ्या. आवाज भरतो आणि किंमतही सहसा कमी पडते.

मेलेल्या हेडवर निकाल देणं

वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या, मधे खळगा पडलेल्या हेडवर कोणताच ड्रम बरा वाजणार नाही. एक १२ इंची, एकेरी थराचं, पांढरं खरखरीत हेड सोबत न्या. विकणाऱ्यासमोर टॉमला लावा, समोरासमोरचे नट थोडे थोडे पिळत ताणा आणि मग ऐका. एवढी तसदी विकणारा घेऊ देत नसेल, तर सौदा थांबवा.

प्लॅस्टिकची हेड १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली. त्याआधीच्या सेटवर वासराचं कातडं असे. कातड्याचा आवाज फार गोड, पण चंद्रपूरच्या मे महिन्यात ते ताणून फाटायला येतं आणि श्रावणात लोळतं. शिमग्याला डफ शेकोटीवर धरून सूर चढवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. रोजच्या वाजवण्याला प्लॅस्टिकच ठेवा.

हेड बरोबर असूनही "दम नाही" वाटलं, तर बेस ड्रममध्ये गोधडी कोंबू नका. डीजेच्या धमक्याला सरावलेल्या कानाला जॅझचा बेस ड्रम पोकळ वाटतो, कारण तो ताणलेला, उघडा आणि सूर असलेला असतो. दुसऱ्याला हलक्या हाताने वाजवायला सांगा आणि तुम्ही पंधरा पावलांवर उभे राहून ऐका. ड्रमरच्या जागेवरून आणि फोनच्या रेकॉर्डिंगवरून खरा आवाज कळत नाही.

घरी आणल्यावरच्या तक्रारी

टॉम वाजवला की खडखड येते: जुन्या लगच्या (शेलवर बसवलेल्या, नट ज्यात पिळतात त्या भागाच्या) आत स्प्रिंग असते, ती थरथरते. लग उघडा आणि स्प्रिंगभोवती थोडा कापूस भरा. तो आपल्याकडे घरोघरी सापडतो.

टॉमच्या ठोक्याला स्नेअर गुणगुणते: दोघांचे सूर जुळले आहेत. टॉम थोडा चढवा किंवा उतरवा. तरी राहिलं तर स्नेअरच्या खाली पातळच हेड आहे ना, ते पाहा. तिथे साधं जाड हेड लावलेलं असेल तर तारा कधीच नीट बोलणार नाहीत.

शेलच्या आत लाकडाचा भुगा दिसला तर घुण किंवा वाळवी. असा सेट घरात आणूच नका. टिनाच्या छपराखाली सेट ठेवला की उन्हाळ्यात वरचं प्लॅस्टिकचं आवरण सांध्यापाशी सुटतं. खताच्या पोत्यांशेजारी ठेवला की युरिया ओल धरतो आणि क्रोम गंजतं. मातीच्या भिंतीची आतली खोली सगळ्यात उत्तम.

शेवटी सिंबल. जॅझचा ताल मुख्यतः राइड सिंबलवर (सतत ठोके देत राहायच्या मोठ्या झांजेवर) चालतो, तरी सगळे पैसे शेलवर घालवून राइड म्हणून बँडची पत्र्यासारखी झांज घेतात. खर्चाचा निम्मा वाटा राइडला द्या. २० ते २२ इंचांचं पातळ सिंबल पाहा. मधलं भोक घासून लांबट झालं आहे का, कडेला बारीक चीर आहे का, हे नख फिरवून तपासा. काठीच्या टोकाने वाजवल्यावर प्रत्येक ठोका वेगळा ऐकू आला पाहिजे आणि मागे हलका वारा उरला पाहिजे. काळं पडलेलं असेल तर चिंच-राख लावून घासू नका. तो थर गेला की आवाज लखलखीत होतो, आणि तो पुन्हा मुरायला वर्षं लागतात.