मराठी साइटसाठी स्वतःची थीम आणि प्लगइन, गावात बसून

वर्डप्रेस म्हणजे साइट चालवायचं सॉफ्टवेअर; त्याची थीम (साइटचं रूप) नाहीतर प्लगइन (साइटला जोडायची जादा सोय) बनवायला पुण्याचा मोठा कोर्स लागते असं आमच्या इकडची पोरं धरून चालतात, पण तसं काही नाई. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीमधलं व्हेरिएबल, फंक्शन, इफ आणि ॲरे एवढं समजत असलं की सुरू करता येते. मी हिंगणघाटच्या बाजूच्या खेड्यात राहतो, आमच्या शेतकरी गटाची साइट मीच सांभाळतो, त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

आधी लॅपटॉपवर झॅम्प टाका, म्हणजे लॅपटॉपलाच सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या एचटीडॉक्स फोल्डरमधे वर्डप्रेस ठेवा, डेटाबेस बनवा, झालं. एकदा डाउनलोड केलं की नेटची गरज नाई, लाइट गेली तरी बॅटरी आहे तोवर काम चालते. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलीत डीबग आणि डीबग लॉग दोन्ही चालू करा, मंग चूक कोणत्या लाइनीवर आहे ते डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या लॉगमधे दिसते. चालू साइटवर थेट कोड लिहून पाहायचा नाई, कापसाच्या सीझनमधे तर मुळीच नाई.

थीम शून्यातून लिहू नका, चाइल्ड थीम बनवा, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली, फक्त आपले बदल ठेवणारी थीम. मूळ थीमच्या फाइलीत बदल केला की पुढच्या अपडेटला सगळा पुसला जाते. थीम्सच्या फोल्डरमधे नवीन फोल्डर करा, त्यात स्टाइल डॉट सीएसएस ठेवा, वर कमेंटमधे थीमचं नाव आणि 'टेम्प्लेट' समोर मूळ थीमच्या फोल्डरचं नाव जसंच्या तसं लिहा, एक अक्षर चुकलं तरी वर्डप्रेसला मूळ थीम सापडत नाई. बऱ्याच थीममधे ही स्टाइल आपोआप लागत नाई, ती चाइल्ड थीमच्या फंक्शन्स डॉट पीएचपीमधून एनक्यू करावी लागते, म्हणजे ही फाइल पानावर लाव असं वर्डप्रेसला सांगावं लागते. वर्डप्रेस ५.९ म्हणजे २०२२ पासून ब्लॉकवाल्या थीम आल्या, त्यात रंग-फॉन्ट बरेचसे थीम डॉट जेसन नावाच्या सेटिंगच्या फाइलीत असतात, तर आधी तिथं पाहा.

आता मराठीचं खास. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममधे हेडिंगला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेली असते, तिच्यानं आपली शिरोरेषा तुटते, अक्षरं सुटी सुटी दिसतात. चाइल्ड थीममधे ती 'नॉर्मल' करा. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.७ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना चिकटतात आणि म्हाताऱ्या माणसाला वाचता येत नाई. फॉन्ट मुक्ता घ्या नाहीतर नोटोचा देवनागरी घ्या, पण दोनच वजनं (अक्षराची जाडी) घ्या, रेग्युलर आणि बोल्ड, काऊन की वावरात उभं राहून मोबाइलवर साइट उघडणाऱ्याच्या नेटवर त्याचा भार पडते.

प्लगइन त्याहून सोपी. प्लगइन्समधे एक फोल्डर, त्यात एक पीएचपी फाइल, वर कमेंटमधे 'प्लगइन नेम', एवढ्यानं ती ॲडमिनमधे दिसायला लागते. फंक्शनच्या नावाआधी स्वतःचा काही शब्द जोडा, नाहीतर दुसऱ्या प्लगइनमधे तेच नाव असलं तर अख्खी साइट बंद पडते. तशी पडलीच तर प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, ती आपोआप बंद होते.

मी केली ती कापसाच्या भावाची प्लगइन. सेटिंगमधे भाव टाकायचा आणि पानावर शॉर्टकोड (चौकटी कंसातला छोटा शब्द, त्याच्या जागी प्लगइनचा मजकूर येते) लिहिला की तो भाव दिसते. शॉर्टकोडच्या फंक्शनमधे 'इको' नाई, 'रिटर्न' करायचं, इको केलं तर भाव मजकुराच्या मधे न येता पानाच्या वरच जाऊन बसते. सेटिंगचं पान वर्डप्रेसच्या तयार सेटिंग्स एपीआयनं बनवा, नॉन्स (फॉर्म खरंच आपल्या साइटवरून आला का ते पाहायची खूण) आणि परवानगीची तपासणी त्यात होऊन जाते. दाखवताना एस्केप एचटीएमएल लावायचंच, म्हणजे भावात कोणी कोड टाकला तरी तो चालत नाई, नुसता मजकूर म्हणून दिसते.

यात मला जे नडलं ते नीट वाचा. भाव स्वच्छ करायला मी 'ॲबसिंट' (टाकलेलं पूर्ण, ऋण नसलेल्या आकड्यात बदलणारं वर्डप्रेसचं फंक्शन) लावलं होतं, माझ्याकडून टाकला की बरोबर यायचा. मंग गटातल्या एका काकांनी मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून ७२०० टाकलं आणि साइटवर भाव शून्य. पीएचपीला मराठी आकडा आकडा म्हणून समजतच नाई, त्याचं ते शून्य करते. भाव पाहून माणूस गाडी भरायची का थांबायचं ते ठरवते, त्याला शून्य दिसणं मला फार लागलं. उपाय एवढाच की साफ करायच्या आधी 'एसटीआरटीआर' फंक्शनला दहा आकड्यांची ॲरे देऊन मराठीचे इंग्रजी करून घ्या, आणि तरीही शून्य आलं तर सेव्ह न करता जुना भाव राहू द्या आणि एरर दाखवा.

दाखवताना परत मराठी आकडे पाहिजे असतील तर शॉर्टकोडच्या आतच बदला. 'द कंटेंट' फिल्टर (पानाचा सगळा मजकूर ज्यातून जाते ते) लावून पूर्ण पानावर बदलू नका, एच२ सारखे टॅग, फोटोची रुंदी, लिंकमधले आकडे, सगळेच बदलतात आणि पान मोडते.

भावासोबत तारीख हवीच. सेव्ह करतानाची वेळ जपून ठेवा, सेटिंगमधे टाइमझोन कोलकाता करा, आणि कॅशची प्लगइन (पानाची तयार प्रत साठवून तीच दाखवणारी) असली तर भाव बदलल्यावर ते पान साफ करा, नाहीतर कालचाच भाव फिरत राहते.

अजून एक, पोस्टच्या लिंकचं. वर्डप्रेस स्लगला, म्हणजे लिंकच्या शेवटच्या नावाला, २०० अक्षरांची जागा देते, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह त्यात टक्क्याच्या खुणांसकट नऊ जागा खाते, म्हणजे काना-मात्रा धरून बावीसेक चिन्हांतच ते संपते, शीर्षक मधेच कापल्या जाते आणि शेअर केलं की टक्क्यांची लांबलचक रांग दिसते. म्हणून पोस्ट टाकताना स्लग हातानं रोमन अक्षरात छोटासा लिहा.

सगळं झालं की लॅपटॉपवरच्या प्लगइनच्या फोल्डरची झिप करा, साइटवर अपलोड करून चालू करा, आणि पहिला भाव टाकायला मराठी कीबोर्डवाल्या माणसालाच बसवा.