स्वयंसेवक पारखून कसे घ्यावेत

सिंहस्थ जवळ आला की नाशकात स्वयंसेवकांना पूर येतो, पार दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत (गोदावरीचा पूर किती चढला ते या मूर्तीवरून सांगतात). फुकट राबायला आलेल्या माणसाला प्रश्न काय विचारायचे, असं लहान संस्थांना वाटतं. आम्हालाही वाटायचं. पंचवटीतल्या आमच्या अभ्यासिकेत ‘ओळखीतला आहे’ एवढ्यावर घेतलेला एक जण मुलींचे फोन नंबर गोळा करत होता. एका आजींनी सांगितलं तेव्हा कुठे कळलं.

सुरुवात कामापासून करा. रामकुंडावर गर्दीला वाट दाखवायची असेल तर तब्येत बघा, आणि गटप्रमुखाचं ऐकायची सवय आहे का तेही. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली होती. तिथे स्वतःच्या मनाने दोरखंड सोडणारा शूरवीर नको. पेठ-सुरगाण्याच्या शिबिरात केसपेपर लिहायला सुवाच्य अक्षर पुरतं. मुलांशी संबंध येणार असेल तर मात्र पुढचं सगळं करा.

एक पानी अर्ज घ्या: पत्ता, आधी कुठे काम केलं, का सोडलं, नात्यात नसलेल्या दोघांचे नंबर. ओळखपत्र मूळ बघा. प्रत ठेवायचीच तर शेवटचे ४ आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्या, आणि ते ग्रुपवर टाकू नका.

मुलाखतीला दोघांनी बसा. ‘मुलं आवडतात का?’ याला सगळेच हो म्हणतात. त्यापेक्षा प्रसंग द्या: पाऊस कोसळतोय, वर्ग सुटलाय, एका मुलीला न्यायला कोणी आलेलं नाही. काय कराल? ‘गाडीवर घरी सोडतो’ हे उत्तर बरेच जण भाबडेपणाने देतात. आपला नियम सांगा: दुसऱ्या ताईंना थांबवायचं, घरी फोन करायचा. ऐकून ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणणारा शिकेल. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणून फणकारणाऱ्याला मी घेत नाही.

मग ते दोन फोन. हीच पायरी लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त इथेच कळतं. ‘पुन्हा घ्याल का त्यांना?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. आपली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. ‘तसा चांगला आहे हो’ मधला ‘तसा’ ऐका.

चारित्र्य पडताळणीचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांकडे ऑनलाइन करता येतो. मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. आम्ही तीच अट स्वयंसेवकांना लावतो. पण दाखल्यात नोंद झालेलंच दिसतं. म्हणून पहिले तीन महिने उमेदवारी: दार उघडं, सोबत जुना माणूस, मुलांना खासगी मेसेज नाहीत. अत्याचाराची शंका आली तर संस्थेतच मिटवू नका. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ भिंतीवर लावा.

नकार लवकर आणि थोडक्यात द्या. त्यात कोणीतरी विश्वस्तांचा भाचा निघणारच. नुसता वेंधळा असेल तर घाटावर पाणीवाटपाला लावा. शंका असेल तर तेही नको.