आईचे एकटे राहणे सुरक्षित कसे केले

वडिलांच्या निधनानंतर आईने साताऱ्याचे घर सोडण्यास नकार दिला आणि मला तिचे म्हणणे पटले, कारण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ओळखीचा शेजार सोडून परक्या शहरातील बंद सदनिकेत बसणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. खरी भीती न्हाणीघराची होती. ओल्या, गुळगुळीत फरशीवर तिचा तोल दोनदा गेला होता. म्हणून कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी स्टीलचे दांडे बसवले. ते विटांच्या भिंतीत बोल्टने पक्के करावेत; रबरी चकतीने चिकटणारे दांडे शरीराचा भार पडताच सुटू शकतात, त्यामुळे त्यांवर मुळीच विसंबू नये. दाराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बदलली, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रीचे मंद दिवे लावले आणि वाटेतली सतरंजी काढून टाकली.

पण घर सुरक्षित झाले तरी दिवस रिकामाच राहत होता. शेजारच्या काकूंनी तिला ज्येष्ठ नागरिक संघात नेले. आता हजेरीची वही तीच सांभाळते. एखादा सभासद आला नाही तर त्याच्या घरी फोन करते, आणि तिला उशीर झाला तर इतर जण तिची चौकशी करतात. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत असल्याने ती वाईला बहिणीकडे स्वतःच जाते. ज्येष्ठांसाठीचा 14567 हा मदत क्रमांक आम्ही फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.