घरगुती संगणकांचे जुने फ्लॉपी ड्राइव्ह जमवताना

सांगली-मिरजेच्या भंगारवाल्यांकडे दिसणारे फ्लॉपी ड्राइव्ह, म्हणजे फ्लॉपी ही पातळ चुंबकीय चकती वाचणारी-लिहिणारी यंत्रे, बहुधा कार्यालयांतल्या पीसींमधून निघालेले असतात. ते दुर्मीळ नसतात, विकणारा काहीही सांगो. संग्राहकाला हवे असतात ते ॲपल २, कमोडोर ६४, बीबीसी मायक्रो यांसारख्या संगणकांसोबत वापरले जाणारे ड्राइव्ह, आणि त्यांची ओळख खोक्यापेक्षा तारेवरून लवकर पटते. १९७८ साली आलेल्या ॲपलच्या डिस्क २ ला २० तारांची चपटी केबल असते, बीबीसीच्या ड्राइव्हला ३४ तारांची, तर कमोडोर १५४१ च्या मागे गोल सॉकेट असतात. म्हणून केबल आणि, डिस्क २ असेल तर, तिला संगणकाशी जोडणारे कंट्रोलर कार्ड सोबत असेल तरच पूर्ण भाव द्यावा. नुसत्या ड्राइव्हसाठी मी निम्म्याहून अधिक देत नाही.

१९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पातून बीबीसी मायक्रो भारतातल्या शाळांत पोहोचला, त्यामुळे जुन्या शाळांच्या अडगळीच्या खोल्यांची चौकशी करणे फायद्याचे ठरते. मात्र वस्तूचे निर्लेखन झाले आहे का, म्हणजे ती अधिकृतपणे नोंदीतून कमी केली आहे का, हे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) पाहून घ्यावे आणि पावती मागून घ्यावी. शिपायाने सहज म्हणून हातात दिलेली वस्तू घरी नेऊ नये.

वस्तू हातात आल्यावर आपल्या भागात पहिली शंका पुराची घ्यावी. बाहेरून पुसून लख्ख केलेल्या ड्राइव्हमध्येही फ्लॉपी वाचणारे हेड ज्या दांड्यांवर सरकते त्यांच्या टोकांशी कृष्णेचा बारीक गाळ राहतो. झाकण काढून टॉर्च तिरका धरला की तो करड्या रेषेसारखा दिसतो. असा ड्राइव्ह फक्त सुट्या भागांसाठी घ्यावा.

घरी आणल्यावर लगेच वीज जोडू नये. अमेरिकेतून आलेला १५४१ असेल तर मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिले आहे ते वाचावे, कारण तिथल्या ११० ते १२० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर टिकत नाही. डिस्क २ ला वीज संगणकातूनच मिळते आणि तिची खरी अडचण केबलची आहे. कार्डावरच्या पिना उघड्या असतात, प्लग एक पिन सरकून बसला तरी हाताला कळत नाही, आणि संगणक सुरू करताच ड्राइव्हमधली ७४एलएस१२५ ही चिप जळते. माझी एक चिप अशीच गेली. ती थोड्या पैशांत मिळते, पण ती उतरवून नवी बसवताना सगळी संध्याकाळ गेली. आता मी प्लग लावल्यावर दोन्ही टोकांना भिंग धरून पिना मोजतो.

स्वच्छतेसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरतो. एकाच बाजूने वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये हेडच्या समोर फेल्टची छोटी गादी असते. ती झिजली की फ्लॉपी नीट दाबली जात नाही आणि दोष हेडचा वाटतो. दोन्ही बाजूंनी वाचणाऱ्या ड्राइव्हचे वरचे हेड बोटाने जास्त उचलू नये, त्याची नाजूक पत्री वाकली तर ती पूर्ववत होत नाही. १५४१ मध्ये शून्य ट्रॅक, म्हणजे फ्लॉपीवरचे सर्वांत बाहेरचे वर्तुळ, ओळखणारा सेन्सर नसल्याने हेड त्याला अडवणाऱ्या थांब्यावर आदळते. तो खडखडाट नेहमीचाच, पण वर्षानुवर्षांच्या आदळण्याने हेडची जागा सरकलेली असू शकते.

पट्ट्यावर फिरणाऱ्या ड्राइव्हचा पट्टा सैल झालेला असतो. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्याकडे मापाचा चपटा पट्टा शोधावा, चौकोनी चालत नाही. त्यानंतर गती तपासावी. तबकडीच्या चाकावर काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन वर्तुळे असतील तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटच्या उजेडात ५० हर्ट्झचे वर्तुळ पाहायचे. चाक मिनिटाला ३०० फेऱ्या घेऊ लागले की त्यावरच्या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. त्या सरकत असतील तर प्रिसेट, म्हणजे गती कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू, किंचित फिरवावा. एलईडीच्या उजेडात ही खूण बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून चोकवाली एक जुनी ट्यूबलाइट मी मुद्दाम ठेवली आहे.

पहिली चाचणी कधीही दुर्मीळ फ्लॉपीवर करू नये. बुरशी धरलेली फ्लॉपी हेडवर लेप सोडते, म्हणून मधला गोल हाताने फिरवून फ्लॉपीच्या आवरणातल्या खिडकीतून पूर्ण पृष्ठभाग पाहावा. साताऱ्याहून एसटीने ड्राइव्ह आणताना वरखाली दोन हेड असतील तर मध्ये टाकाऊ फ्लॉपी सरकवून दार लावावे. ती नसली, तर त्याच मापाचा गुळगुळीत पुठ्ठा चालतो.