ताण आधी अंगातून उतरवा, विचारांचं नंतर बघू

बडोद्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, पाणी साचलंय, स्कूटर बंद पडली आहे, मागून हॉर्न वाजताहेत आणि ऑफिसातून तिसऱ्यांदा फोन येतोय. अशा वेळी मनाला ‘शांत हो’ असं कितीही बजावलं तरी ते ऐकत नाही. छाती धडधडत असते, खांदे वर चढलेले असतात, दातावर दात आवळलेले असतात, आणि अंगाची ही अवस्थाच मेंदूला धोका आहे असं कळवत राहते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी श्वास, मग स्नायू, मग पाय, आणि डोकं जागेवर आल्यावर कागद. धडधडत्या छातीनं प्रश्न सोडवायला बसलात की एकाचे चार प्रश्न होतात.

श्वास

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. मनगटावर नाडी धरून बसलात तर पुष्कळांना हा फरक बोटाला कळतो. तेव्हा भर श्वास सोडण्यावर द्यायचा.

खुर्चीत पाठ टेकून बसा, एक हात पोटावर ठेवा. मनात ४ आकडे मोजत नाकानं श्वास घ्या, ६ आकडे मोजत सोडा. आकडा साधारण एका सेकंदाचा. अशा हिशोबानं मिनिटाला ६ श्वास होतात. ५ मिनिटं पुरे.

चुकतं ते इथे: ‘दीर्घ श्वास’ म्हटलं की माणसं छाती फुगवून भराभर मोठे श्वास ओढू लागतात. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं, आणि आधीच घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. श्वास मोठा नको, संथ हवा. शेजारच्याला ऐकू येऊ नये इतका हलका. ४-६ जमत नसेल, दम लागत असेल, तर ३-५ करा. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखून धरण्याचे प्रकार स्वतःच्या मनानं करू नका. वरच्या पद्धतीत तो रोखायचाच नाहीये.

हे शिकायचं मात्र ताण नसताना. सकाळचा चहा उकळेपर्यंतची ५ मिनिटं यासाठी उत्तम. दोन आठवडे रोज केलंत तर गरनाळ्यात अडकल्यावर ते आपसूक आठवेल. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येणार नाही. रस्त्यावर करायचं तर गाडी थांबलेली असताना, आणि डोळे उघडे ठेवून.

आवळणं आणि सोडणं

दिवसभर दुकानात उभं राहून किंवा संगणकापुढे बसून मान-खांदे धरतात, ते रात्री गादीवर पडल्यावरही सुटत नाहीत. अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यावर स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत बसवली. एकेक भाग ५ ते ७ सेकंद आवळायचा, मग एकदम सोडून २० सेकंद नुसतं जाणवू द्यायचं. क्रम: मुठी, दंड, खांदे, कपाळ-जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. सगळं अंग १० ते १५ मिनिटांत होतं.

जोर पूर्ण लावू नका, तीन चतुर्थांश पुरे. पोटऱ्यांसाठी पावलं खाली ताणलीत तर हमखास गोळा येतो. बोटं आपल्याकडे ओढा. दुखरी कंबर, ऑपरेशन झालेला गुडघा वगळा. घाई होते ती सोडण्याच्या वेळी, आणि खरा उपयोग त्या २० सेकंदांतच आहे.

पाय

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. म्हणजे रोज ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. मिनिटाला साधारण १०० पावलं पडली पाहिजेत. चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, हा वेग. बडोदेकरांना जागा शोधावी लागत नाही: सयाजीरावांनी १८७९ साली उभारलेली कमाटीबाग शंभराहून जास्त एकरांची आहे, आणि गर्द झाडीतून चालणं रहदारीच्या कडेनं चालण्यापेक्षा केव्हाही बरं. मे महिन्यात सकाळी सातच्या आत घरी परता. ३० मिनिटं सलग जमत नसतील तर दहा-दहाचे तीन तुकडे करा. फोनवर कामाचं बोलत चाललात तर पायांना व्यायाम होईल, डोकं मात्र ऑफिसातच राहील.

कागद

संध्याकाळी एक ठरलेली वेळ काळजीसाठी राखून ठेवा, समजा साडेसहा ते पावणेसात. झोपायच्या तासात नको, अंथरुणात तर नकोच. कागदावर दोन रकाने: ‘हातातलं’ आणि ‘हाताबाहेरचं’. हातातल्या प्रत्येक गोष्टीपुढे एकच पाऊल लिहा, तेही वेळेसकट. ‘मुलाची ॲडमिशन’ असं लिहून काही होत नाही. ‘सोमवारी ११ वाजता कॉलेजात जाऊन फीची शेवटची तारीख विचारणे’ हे पाऊल झालं. हाताबाहेरचं लिहून सोडून द्या.

दुपारी काळजी वर आली तर एक शब्द टिपून ठेवा आणि तिला साडेसहाची वेळ द्या. पहिल्या आठवड्यात हे खोटं खोटं वाटेल. तरी करा. विचार दाबायला गेलं की तो उसळून वर येतो. इथे त्याला दाबत नाही, फक्त पुढची वेळ देतो.

कागदानं भागत नसेल तर माणसाशी बोला, पण आधीच सांगून: “वहिनी, दहा मिनिटं फक्त ऐकाल का? उपाय नको.” एवढं न सांगितल्यामुळे समोरचा प्रेमानं सल्ले देत बसतो आणि बोलणाऱ्याचं मन भरलेलंच राहतं.

चहा, तंबाखू, झोप

कॅफिन अंगातून निम्मं व्हायला सुमारे ५ तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कडक चहातलं निम्मं कॅफिन अकरालाही अंगात असतं. शेवटचा कप तीनच्या आत घ्या; एकदम बंद केलात तर डोकं दुखेल, म्हणून दर चार दिवसांनी एक कप कमी करा. तंबाखूनं ताण उतरल्यासारखं वाटतं, पण तो बराचसा मागच्या चिमटीनंतर लागलेल्या तलफेचाच असतो.

झोप आली नाही की २० मिनिटांनी उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत पडा. घड्याळ बघत लोळलात तर गादी आणि जागरण यांची गाठ पक्की होते. उठायची वेळ रोज एकच ठेवा. नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरबा होणारच, आणि तो खेळावाच. लय, संगत आणि घाम एकत्र मिळतात. फक्त सकाळी नेहमीपेक्षा तासाभराहून जास्त उशीर करू नका, उरलेली झोप दुपारी २० मिनिटांच्या डुलकीनं थोडी भरा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक किंवा कामातलं लक्ष गेलेलं असेल तर डॉक्टरांकडे जा. आठ दिवसांत किती वाजता झोपलात-उठलात ते लिहून न्या, त्यांना नेमकं कळेल. जगणं नकोसं वाटत असेल तर थांबू नका: १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालू असतो. छातीत दुखून घाम फुटला किंवा हातात-जबड्यात कळ आली, तर त्याला ताण समजून श्वास मोजत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.