खोल समुद्रातील नव्या न्युडिब्रँक जातीचे शास्त्रीय वर्णन कसे करावे

खोल समुद्रातून वर आणलेला न्युडिब्रँक, म्हणजे प्रौढावस्थेत कवच नसलेली समुद्री गोगलगाय, अल्कोहोलच्या बरणीत गेल्यावर थोड्याच दिवसांत रंग गमावतो, आक्रसतो आणि जिवंतपणी तो कसा दिसत होता याचा अंदाजही येऊ नये इतका बदलतो. इतर गोगलगायींच्या बाबतीत शंख तरी मागे उरतो. येथे तोही उरत नाही. म्हणून वर्णनातला जो भाग पुन्हा कधीच मिळवता येणार नाही, तो आधी टिपावा आणि मगच सुरी हाती घ्यावी. (पुढे ‘जाती’ हा शब्द स्पीशीजसाठी आणि ‘प्रजाती’ हा जीनससाठी वापरला आहे, बोलण्यात या दोहोंची सरमिसळ होते, वर्गीकरणाच्या लेखनात मात्र ती चालत नाही.)

दूरनियंत्रित पाणबुडीने प्राणी पकडण्यापूर्वी त्याचे जितके चित्रीकरण करता येईल तितके करावे. तो तळावर सरपटत होता की पाण्यात तरंगत होता, कशावर बसला होता, स्पर्श होताच त्याने काय केले, हे सारे चित्रफितीतूनच कळते. बॅथिडेव्हियस कॉडॅक्टिलस या पोहणाऱ्या न्युडिब्रँकचे उदाहरण येथे फार बोलके आहे. फेब्रुवारी २००० मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी उपसागराजवळ २,६१४ मीटर खोलीवर तो प्रथम दिसला आणि ब्रूस रॉबिसन व स्टीव्हन हॅडॉक यांनी त्याचे वर्णन २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. मधल्या काळात तो दीडशेहून अधिक वेळा पाहिला गेला. तो मोठ्या टोपीसारख्या मुखावरणात भक्ष्य अडकवतो, धोका जाणवल्यास प्रकाशमान होतो आणि शेपटीकडचा बोटासारखा भाग तोडून टाकतो, हे बरणीतल्या नमुन्यावरून कोणाला सांगता आले असते? चित्रफितीच्या जोडीला अक्षांश, रेखांश, खोली, तापमान, क्षारता आणि विरघळलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण त्याच वेळी नोंदवावे.

जहाजावर आल्यावर प्राण्याला थंड समुद्रजलात, अंधारात ठेवावे. शरीर पूर्ण ताणलेले असताना वरून, खालून आणि बाजूने मोजपट्टी व रंगपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत आणि लांबी तेव्हाच मोजावी. त्यानंतर मॅग्नेशियम क्लोराइडचे सुमारे ७ टक्क्यांचे थंड द्रावण पाण्यात हळूहळू मिसळून त्याला बधिर करावे, अन्यथा ऱ्हायनोफोर, म्हणजे डोक्यावरच्या गंध घेणाऱ्या शृंगिका, आत ओढल्या जातात. पायाच्या मागच्या टोकाचा लहान तुकडा डीएनएसाठी ९५ टक्के किंवा अधिक तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये ठेवावा आणि हे फॉर्मॅलिनचा संपर्क येण्याआधी करावे, कारण फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. उरलेले शरीर आम्लता काढलेल्या फॉर्मॅलिनमध्ये स्थिर करून नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवावे. आम्लयुक्त फॉर्मॅलिनमध्ये प्रावारातल्या, म्हणजे पाठीवरच्या आवरणातल्या, चुनखडीच्या सूक्ष्म सुया विरघळून जातात.

यानंतरचे सर्वांत कष्टाचे काम म्हणजे ही जाती खरोखर नवी आहे का, हे तपासणे. संबंधित प्रजातीतील प्रत्येक नावाचे मूळ वर्णन वाचावे, आज समानार्थी ठरवलेली नावेही सोडू नयेत, आणि शक्य असेल तेथे संग्रहालयातील मूळ नमुने प्रत्यक्ष पाहावेत. चॅलेंजर या समुद्रसंशोधन मोहिमेच्या (१८७२–७६) संग्रहावरून रुडॉल्फ बर्ग यांनी १८८४ मध्ये बॅथिडोरिस ही प्रजाती उभी केली, आणि खोल पाण्यातल्या त्या गटावर काम करणाऱ्याला आजही त्या लेखनापर्यंत मागे जावे लागते. बर्ग यांनी अंतर्गत रचनेवर भर दिला होता, म्हणूनच ते वर्णन अजून उपयोगी पडते.

विच्छेदनात दोन गोष्टींना जास्तीत जास्त वेळ द्यावा. पहिली रॅड्युला, म्हणजे मुखातली दातांची पट्टी: मुखपिंड सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून ऊती विरघळवावी, पट्टी स्वच्छ धुवावी, ओळी व प्रत्येक ओळीतले दात मोजावेत आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दातांच्या कडा पाहाव्यात. रॅड्युला सापडलीच नाही, तर ती नैसर्गिकरीत्या नाही की विच्छेदनात हरवली, हे खात्रीने ठरवल्याशिवाय काही लिहू नये. दुसरी जननसंस्था: हे प्राणी उभयलिंगी असल्याने तिची रचना गुंतागुंतीची असते आणि जवळच्या जातींमधला फरक अनेकदा तेथेच स्पष्ट होतो. नमुना एकच असेल, तर आधी मायक्रो-सीटी, म्हणजे न कापता आतली रचना दाखवणारे क्ष-किरण चित्रण, करावे.

डीएनएसाठी सीओआय या जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा ६५८ बेसजोड्यांचा नेहमीचा खंड घ्यावा, सोबत १६एस आणि हिस्टोन एच३ ही जनुके असावीत. केवळ सीओआयमधल्या फरकाच्या टक्क्यांवरून जाती वेगळी ठरवणे मला धोक्याचे वाटते. शरीररचनेचा पुरावा त्याच दिशेने बोट दाखवत असेल तरच पुढे जावे.

लेखनात निदान आणि वर्णन वेगळे ठेवावे. निदानात ही जाती इतरांपासून कोणत्या लक्षणांनी वेगळी आहे एवढेच यावे. वर्णनात सर्व काही यावे. आंतरराष्ट्रीय प्राणी-नामकरण संहितेनुसार नाव नवे असल्याचे स्पष्ट नमूद करावे लागते, होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्याशी कायमचे जोडले जाते तो एकच नमुना, ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे, हे सांगावे लागते. जातिनाम विशेषण असेल तर त्याचे लिंग प्रजातिनामाशी जुळले पाहिजे. स्त्रीच्या सन्मानार्थ ते दिले असेल तर शेवटी साधारणतः -ए, पुरुषासाठी -आय हा लॅटिन प्रत्यय येतो. लेख केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणार असेल, तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतली नोंदणी प्रकाशनापूर्वी करून तिचा उल्लेख लेखातच असावा.

प्रकाशनानंतर होलोटाइपच्या बरणीत नव्या नावाची चिठ्ठी घालावी, पण जहाजावर पेन्सिलीने लिहिलेली मूळ चिठ्ठी काढू नये. ती कितीही डागाळलेली असली, तरी नमुना क्रमांक, खोली आणि तारीख यांचा पहिला पुरावा तीच असते.